प्रक्रिया सुधारणा

प्रक्रिया सुधारणा : कच्चा माल कारखान्यात आल्यापासून तयार माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचे सगळे टप्पे तपासून त्यांतील नासाडी थांबवण्याची आणि माल सदोष होण्याची कारणे काढून टाकण्याची पद्धतशीर रीत. कामगाराला जास्त राबवून उत्पादन वाढवणे म्हणजे प्रक्रिया सुधारणा नव्हे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ओतकाम, यंत्रकाम, साखर, बेदाणा असे अगदी निराळे धंदे शेजारी-शेजारी चालतात, त्यामुळे ही रीत किती ठिकाणी लागू पडते ते या पट्ट्यात चांगले दिसते.

वॉल्टर शेवहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख, म्हणजे मोजमापांचा चढउतार आखलेल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारा आलेख, मांडला, तिथून या विचाराला संख्याशास्त्राचा आधार मिळाला. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी उद्योजकांना तो शिकवला. टोयोटात ताइची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, मालाची अनावश्यक ने-आण, नको इतके काम, साठा, कामगाराची फुकटची हालचाल आणि सदोष माल. यावर उभ्या राहिलेल्या पद्धतीला पुढे ‘लीन’ म्हटले गेले. १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत ‘सिक्स सिग्मा’ पद्धत सुरू झाली. दोष होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे तिचे प्रसिद्ध उद्दिष्ट.

खोळंब्याची नासाडी सर्वांत ठळक दिसते ती कृष्णा-वारणाकाठच्या साखर कारखान्यांत. ऊस तोडला की त्याचे वजन घटू लागते आणि त्यातल्या साखरेचे विघटन सुरू होते. जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान तयार होऊन रस चिकट होतो, मग साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा असे सांगितले जाते. फडात बांधून पडलेल्या मोळ्या, वजनकाट्यापुढची ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, गाडीतळावर रात्रभर उभ्या बैलगाड्या, या प्रत्येक ठिकाणी उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) घटतो आणि तो तोटा कोणत्याच एका खात्याच्या नावावर पडत नाही. उपाय शोधताना ऊस गाळपासाठी टाकतात त्या गव्हाणीपासून उलटे फडाकडे जावे लागते. तासाला किती गाळप चालू आहे ते पाहून तोडणीच्या चिठ्ठ्या सोडल्या आणि मिल बंद पडताच पुढच्या रोखल्या, तर रांग वाढतच नाही. टोयोटातले कानबान कार्ड हेच काम करते : पुढच्या टप्प्याने मागितल्याखेरीज मागच्याने माल पाठवायचा नाही. आपल्याकडे चिठ्ठी आधीपासून आहे. ती वशिल्याने न सुटता गाळपाच्या वेगाशी जोडली गेली, तर शेतकरी, वाहतूकदार आणि कारखाना तिघांचाही फायदा आहे.

या भागात यंत्रोद्योगाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, १९२२ मध्ये साताऱ्यात कूपर यांचा कारखाना सुरू झाला. आज मिरज, कुपवाड, पलूस, सातारा, शिरवळ इथल्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉप पसरले आहेत. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न रिजेक्शनचा. पंपाच्या केसिंगमधला (बाहेरच्या कवचातला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, फाउंड्रीतच सापडला, तर धातू पुन्हा वितळवता येतो, फक्त वीज आणि मजुरी वाया जाते. तोच मशीनिंगनंतर उघडा पडला तर मशीनचे तासही बुडतात, आणि पाण्याच्या दाबाच्या चाचणीत गळती लागली तर जोडणीसकट सगळे गेले. टप्पे जितके जास्त, तितके छोटे दोष साचत जातात. मोल्डिंग (साचा करणे), मेल्टिंग (धातू वितळवणे), फेटलिंग (ओतीव नगावरचा जादा धातू काढून साफ करणे), मशीनिंग, जोडणी या पाचही ठिकाणी ९८ टक्के काम बरोबर होत असले, तरी शेवटी १०० पैकी सुमारे ९० नगच कुठेही न अडखळता बाहेर पडतात. प्रत्येक खात्याचा अहवाल चांगला आणि कारखाना मात्र तोट्यात, याचा उलगडा या गणितात आहे.

अशा वेळी ‘का?’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याची पद्धत आहे. ब्लोहोल का? साच्यात वायू कोंडला. का? वाळू जास्त ओली होती. का? मिक्सरमध्ये पाणी अंदाजाने सोडले. का? ओलावा पाळीत एकदाच तपासला जातो. का? मीटर लॅबमध्ये आहे, मिक्सरपाशी नाही. मोल्डरवर दंड बसवून यातले काहीच बदलत नाही. मीटर जागेवर आणला आणि दर बॅचची नोंद फळ्यावर लागली, तर बदलते. नियंत्रण आलेखाचा उपयोग इथेच होतो. आकडे आखलेल्या मर्यादेत नुसते वरखाली होत असतील, तर सेटिंगला हात लावायचा नसतो. प्रत्येक नगामागे लेथची सेटिंग हलवणारा ऑपरेटर प्रामाणिकपणे काम करत असूनही फरक वाढवत असतो, हे डेमिंग यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील बेदाण्यातही हीच दृष्टी चालते. निवडणी करणाऱ्या बायका काळपट, फुटलेला, देठाचा माल कसबाने वेगळा काढतात. मात्र निवडणीने दोष वेगळे होतात, कमी होत नाहीत. द्राक्षात पुरेशी गोडी भरण्याआधी झालेली काढणी, डिपिंगच्या (वाळवण्याआधी द्राक्षे बुडवण्याच्या) द्रावणाचे चुकलेले प्रमाण, रॅकवरचा दाट थर, ही कारणे शेडमध्येच शोधावी लागतात.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी नव्या रूपात लीन योजना सुरू केली. तिचे प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन स्तर असून सल्ला व मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलते. पुष्कळदा काम जमिनीवर पिवळे पट्टे आखून आणि भिंतीवर फलक लावून थांबते. पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी ठरवून, काम असेल, तर सदोष नग लपवण्याकडेच कल राहतो, त्यामुळे मजुरीची पद्धत न बदलता केलेली सुधारणा टिकत नाही. शिवाय काही कारणे कारखान्याच्या फाटकाबाहेरची असतात. मोठ्या कंपनीने महिन्याच्या मध्यात शेड्यूल बदलले की छोट्या पुरवठादाराकडे एकीकडे साठा पडून राहतो आणि दुसरीकडे ओव्हरटाइम सुरू होतो. हा चढउतार कमी करणे मागणी देणाऱ्या कंपनीच्याच हाती असते.