जुन्या बासची किंमत सालावर का ठरते

जुना बास गिटार विकायला निघाला की पहिला प्रश्न येतो "कुठल्या सालचा?", आवाज कसाय ते नंतर. ही सालाची भानगड आली कुठून ते माहीत असलं ना की समोरच्याने सांगितलेला आकडा खरा की फुगवलेला याचा अंदाज यायला लागतो, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो. बहुतेक गोष्ट फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचीच आहे, कारण बाजाराच्या सवयी तिथेच लागल्या.

कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1938 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि 1951 मध्ये प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बास आणला तेव्हाही डोकं तेच, रिपेरवाल्याचं. सपाट लाकडाची बॉडी, तिला चार स्क्रूंनी आवळलेली नेक (मान), बिघडली की काढा आणि दुसरी लावा. डबल बासची (उभा धरून वाजवायचा मोठा लाकडी बास) मान तुटली तर कारागीर शोधत फिरावं लागतं, इथे स्क्रूड्रायव्हर पुरतो. पिकअप (तारांचा आवाज पकडणारा), पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग), ब्रिज (तारा अडकवायची पट्टी), सगळंच सुटं. आता गंमत बघा, पार्ट बदलता यावेत म्हणून जो बास बनवला त्याचीच किंमत आज पार्ट बदललेले नाहीत ना यावर ठरते! आणि बदललेले असतातच, कारण 60-70 च्या दशकात हे बास म्हणजे फक्त वापरलेला माल होता, विंटेज वगैरे फारसं कोणी म्हणत नव्हतं. जॅझ बासचा (फेंडरचंच दुसरं मॉडेल) पिकअप आवडतो म्हणून प्रिसिजनच्या बॉडीत खड्डा कोरला, मूळ ब्रिज काढून बाहेरच्या कंपनीचा बॅडअ‍ॅस टाकला, रंग खरवडून नुसतं लाकूड ठेवलं, हे सगळं लोक बिनधास्त करायचे.

मग जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने 1.3 कोटी डॉलरला फेंडर कंपनी घेतली आणि पुढे हीच तारीख बाजाराची लक्ष्मणरेषा झाली. प्री-सीबीएस, म्हणजे त्याआधीचा, म्हटलं की भाव चढला. माझं स्पष्ट मत, ही रेषा वाजवणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांच्या जास्त कामाची आहे. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्यातली माणसं, मशीन, लाकडाचा साठा काही बदलला नाही. बदल हळूहळू आले, 66 च्या सुमारास जॅझ बासच्या नेकला बाइंडिंग (कडेची पट्टी) आणि ब्लॉक (चौकोनी खुणा), 68 च्या आसपास पॉलिशमध्ये पातळ नायट्रो लॅकरच्या जागी जाड पॉलिएस्टर, 70 च्या दशकाच्या मध्यावर जॅझ बासला चारऐवजी तीन बोल्टची नेक (प्रिसिजनला चारच राहिले, हे लोक सारखं विसरतात). त्यामुळे 64 आणि 66 च्या बासमध्ये आवाजाचा फरक दाखवा म्हटलं तर भलेभले गडबडतील, पण किमतीतला फरक मात्र लगेच दिसतो.

70 च्या दशकातल्या मालाला तर बरीच वर्षं नाकं मुरडली जायची. जड अ‍ॅश लाकडाची बॉडी, नेकची फिटिंग ढिली, हे आरोप खोटे नव्हते, साडेचार किलोच्या वरचे जॅझ बास त्या काळात सहज सापडतात. पण बासवादक मार्कस मिलरचा 77 चा जॅझ बास, रश बँडच्या गेडी लीचा 72 चा, हे इतके ऐकले गेले की तो आवाज लोकांना हवासा वाटायला लागला आणि त्या सालांचे भावही चढले. त्यात साठच्या दशकातले बास आवाक्याबाहेर गेलेले, मग गिऱ्हाईक इकडे वळणारच.

खरं साल ओळखायचं तर सिरीयल नंबरवर फार विसंबू नका. 1976 पर्यंत तो नेकमागच्या प्लेटवर असायचा, प्लेटा डब्यातून हाताला येतील तशा लावायचे, आणि प्लेट काय, चार स्क्रूंचीच गोष्ट. पॉटच्या मागे आकडे असतात ते बघा. समजा 1376627 लिहिलंय, तर 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 म्हणजे साल, 27 म्हणजे त्या सालचा आठवडा. पण यातून एवढंच कळतं की बास त्याआधीचा नाही. फेंडरने 66 मध्ये पॉटचा इतका साठा करून ठेवला की पुढची दोन-तीन वर्षं तेच वापरले गेले, म्हणजे 66 चा पॉट असलेला बास 68 चा निघाला तर विकणारा लबाडच असेल असं नाही. पॉटवरचा सोल्डरही बघा, जुना मळकट आणि न छेडलेला असतो, नवा चकाकतो. आणि नेक काढून तिच्या टाचेचा (बॉडीत बसणाऱ्या टोकाचा) फोटो मागा. तिथे तारखेचा शिक्का असतो, त्याच्या शेवटी अक्षर असतं, जॅझ बासला बहुतेक ए म्हणजे नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला) रुंदी दीड इंच, प्रिसिजनला सी म्हणजे पावणेदोन. तशीही जुन्या फेंडरची ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) टाचेकडूनच फिरवावी लागते, नेक काढायला घाबरणारा विक्रेता असेल तर मला शंका येते. रॉड अजून फिरते का हेही तेव्हाच विचारून घ्या, ती पूर्ण आवळून संपलेली असेल किंवा नेकला पीळ पडला असेल तर साल कितीही चांगलं असो, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचा.

रंग पुन्हा मारलेला असेल तर भाव साधारण अर्ध्यावर येतो, हा डीलर लोकांचा जुना हिशोब. ज्याला फक्त वाजवायचंय त्याच्यासाठी खरा सौदा इथेच असतो, लाकूड तेच, पिकअप तेच, फक्त संग्राहक वाटेतून बाजूला झालेला.

जपानी मालाची कथा वेगळी. 1982 मध्ये फेंडर जपान सुरू झालं, फुजिगेनच्या कारखान्यात फेंडरच्याच 57 आणि 62 सालच्या मॉडेलच्या नकला बनू लागल्या, जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या सिरीयल नंबरवाल्या. तेव्हा हे बास स्वस्तातला पर्याय होते, आज त्यांनाच विंटेज म्हणून भाव आहे आणि बांधणी बघता तो मला फारसा खटकत नाही. खटकतं ते "लॉसूट", म्हणजे खटल्यातला, हे लेबल. 1977 चा तो खटला गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या कंपनीवर केला होता, तोही हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) आकारावरून, आणि पुढच्याच वर्षी आपसात मिटला. फेंडरसारख्या दिसणाऱ्या कुठल्याही जपानी बासला लॉसूट म्हणून जास्तीचे पैसे मागत असतील तर तेवढे सरळ कापून बोलायला सुरुवात करा.