पाण्याच्या जारची वही ॲपशीटमध्ये नेताना

२० लिटरचे जार घरोघरी पोचवण्याच्या धंद्यात हिशेब मुख्यतः दोन गोष्टींचा: भरलेले किती दिले, रिकामे किती परत आले. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही. गुगलने २०२० मध्ये विकत घेतलेले ॲपशीट तुमच्या गुगल शीटवरूनच मोबाइल ॲप उभे करते. पण ॲप रुसते तेव्हा दोष बहुधा खालच्या शीटचा असतो.

शीटची मांडणी

तीन पाने करा: ग्राहक (आयडी, नाव, मोबाइल, गल्ली, दर), नोंदी (आयडी, ग्राहक, तारीख, भरलेले, रिकामे, दर, रक्कम) आणि जमा (आयडी, ग्राहक, तारीख, पैसे). पहिल्या ओळीत फक्त मथळे. मध्येच ‘एकूण’ची ओळ घातलीत तर ॲप तिलाही ग्राहकच समजते.

‘शिल्लक जार’ हा रकाना शीटमध्ये ठेवावासा वाटेल. ठेवू नका. दोन टेम्पोंवरून एकाच ग्राहकाची शिल्लक बदलली, तर ज्याचे सिंक (फोनमधली नोंद शीटमध्ये पोचणे) शेवटी झाले त्याचा आकडा राहतो आणि आधीचा पुसला जातो. दर फेरीला नवी ओळ टाका. शिल्लक ॲपमधल्या व्हर्च्युअल कॉलमने, म्हणजे शीटमध्ये नसलेल्या आणि ॲपनेच मोजलेल्या रकान्याने, मोजू द्या.

आता शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूत ॲपशीट, मग ‘क्रिएट ॲन ॲप’.

आयडीची गंमत

ओळीचा क्रमांक ‘की’ (ॲप ज्यावरून ओळ ओळखते तो रकाना) म्हणून ठेवू नका. शीट सॉर्ट केली की एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाते. ॲपमध्ये आयडी रकान्याच्या ‘इनिशियल व्हॅल्यू’त (नवी ओळ करताना एकदाच भरली जाणारी किंमत) युनिकआयडी हे सूत्र द्या, ते ८ अक्षरांचा कोड बनवते. त्यात सगळे आकडे आणि मध्ये एकच इंग्रजी ‘ई’ आला, तर शीट त्याला घातांकाची संख्या समजून बदलून टाकते आणि नोंद ग्राहकापासून तुटते. म्हणून आयडी आणि मोबाइल हे रकाने आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा.

दर वाढवताना

नोंदीतला दर ग्राहकाच्या पानावरून ‘इनिशियल व्हॅल्यू’ने आणा, दर सेव्हला पुन्हा मोजणाऱ्या ‘ॲप फॉर्म्युला’ने नको. फॉर्म्युला असेल तर मागच्या महिन्याची नोंद दुरुस्त करून सेव्ह करताच तिला आजचा दर लागतो, आणि बिलावरून ग्राहकाशी वाद ठरलेलाच.

तारखांसाठी शीटचे आणि ॲपचे लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) दोन्हीकडे भारत हवे; नाहीतर ३ एप्रिल ४ मार्च होतो.

नंतर शीटमध्ये रकाना वाढवलात तर ॲपमध्ये ‘रीजनरेट’ करायला, म्हणजे ॲपला रकाने पुन्हा वाचायला लावायला, विसरू नका. नेटवर्क नसताना केलेल्या नोंदी सिंक होईपर्यंत फोनमध्येच असतात, त्याआधी ॲप काढून टाकले तर त्या गेल्या. एका पोऱ्याला दुसऱ्याच्या गल्ल्या दिसू नयेत म्हणून ‘स्लाइस’ (निवडक ओळीच दाखवणारा तुकडा) पुरत नाही. तो फक्त पडदा आहे, कुलूप म्हणजे ‘सिक्युरिटी फिल्टर’, जो इतरांच्या ओळी फोनवर येऊच देत नाही.

१० जणांपर्यंत चाचणी फुकट होते, पुढे माणशी दरमहा परवाना. शीट भरून किमान आठवडाभर एका टेम्पोवर ॲप चालवून पाहा, आणि तोवर कागदी वही बंद करू नका.