अर्धवट भाजलेली माती

मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला माणसं लावली होती. आमच्याकडे, कुडाळच्या बाजूला, जांभ्याचा कडक थर संपला की खाली पांढरट, मधूनच गुलाबी ठिपके असलेली मऊ माती लागते. कोरडी असली की पिठासारखी, ओली झाली की साबणासारखी. दर पावसाळ्यात हीच ढासळते आणि विहीर बुजवते, त्यामुळे गडी ती वैतागून कडेला फेकत होते. त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. करते, पर्यावरणाला कमी त्रास देणारं बांधकाम साहित्य हा तिचा विषय. बोलता बोलता गाळाचं निघालं आणि ती एकदम म्हणाली, "मामा, टाकू नकोस ती! एक पोतं एसटीनं पाठव."

पाठवलं. पार्सलवाल्यानं विचारलं आत काय, मी म्हटलं माती. पुण्याला कुणी मातीचं पोतं पाठवत असेल यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

तिला ती माती सिमेंटमध्ये घालायची होती. चिमूटभर नव्हे, पोत्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, पण माझीही पहिली प्रतिक्रिया कुठल्याही गवंड्याचीच होती: वाळूत माती आली तर आपण डंपर परत पाठवतो आणि ही सिमेंटमध्येच माती घालणार?

आधी एक गैरसमज बाजूला करू. सिमेंट "वाळतं" असं आपण सर्रास म्हणतो. ते वाळत नाही. वाळत असतं तर नदीच्या पाण्यातले पुलाचे खांब कधीच घट्ट झाले नसते आणि स्लॅबवर दिवसेंदिवस पाणी मारायची गरजही पडली नसती. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं. त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाणी घेतात आणि त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक, कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचा चिवट, सूक्ष्म जाळीदार गोळा. सगळी ताकद याची. दुसरी, विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा ताकदीला फारसा उपयोगी नाही. घट्ट झालेल्या सिमेंटच्या आकारमानाचा पाचवा ते चौथा हिस्सा हा चुना नुसता बसून असतो. हा बसलेला चुना लक्षात ठेवा, पुढे त्याला काम लावायचंय.

आता सिमेंटवरचा आक्षेप. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू इंधनाचा नाही, दगडातला आहे. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी हे ४४ किलो उडणारच. चुनखडी आणि माती साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजून जे काळे खडे मिळतात ते क्लिंकर. ते जिप्समबरोबर दळलं की साधं सिमेंट. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के वाटा या दगडातल्या वायूचा असतो, आणि माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. चिमणीवर फिल्टर बसवून हे सुटत नाही. पोत्यात क्लिंकर कमी घालणं हाच त्यातल्या त्यात सरळ रस्ता.

तो आपण वापरतोही. दुकानातल्या पोत्यावर "पीपीसी" लिहिलेलं असतं त्यात औष्णिक वीज केंद्रांची राख असते, १५ ते ३५ टक्के. लोखंड गाळायच्या झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, तीही चालते. पण मळी मिळणार ती लोखंड गाळलं जाईल त्या मानानंच, आणि कोळसा कमी जाळायचा तर राखही कमी होणार. माती मात्र आहेच.

फक्त ती कुठलीही माती नाही, आणि कच्ची तर नाहीच. इथून पुढे मी थोडा रमणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ सुईच्या गोष्टीवर जावं.

आमच्या विहिरीतल्या मातीत केओलिनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचा कण म्हणजे पापडांची चळत. प्रत्येक पापडाला दोन थर: एक सिलिकाचा, एक ॲल्युमिनियमचा. भाकरीला एका बाजूनं ठेचा फासावा तसा. ठेच्याची बाजू उघडी असते आणि तिच्यावर हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. देशावरच्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट वेगळं. त्यात ॲल्युमिनियम दोन सिलिकांच्या मधे कोंडलेलं, पुरणपोळीतल्या पुरणासारखं. म्हणून आमची माती या कामाला सोन्यासारखी आणि कपाशीची काळी माती जवळपास निरुपयोगी. शेतीत हिशेब अगदी उलटा, पण तो वेगळा विषय.

केओलिनाइट सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवलं की ते हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातात. शुद्ध केओलिनाइटचं वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. आणि ॲल्युमिनियमची पंचाईत होते. आधी प्रत्येक ॲल्युमिनियम अणूभोवती सहा ऑक्सिजन होते, सुखाचा संसार. पाणी गेल्यावर कुणाकडे चार उरतात, कुणाकडे पाच. पाच ऑक्सिजनवाला ॲल्युमिनियम हा फार अस्वस्थ प्राणी आहे. थरांची रचना मोडलेली, स्फटिक विस्कटलेला, पण नवं काही अजून जमलेलं नाही. या अवस्थेला मेटाकेओलिन म्हणतात. तापमान आणखी वाढवून साडेनऊशेच्या पुढे नेलं की अणू पुन्हा नीट रांगा लावतात, नवे स्फटिक बनतात आणि माती कायमची शांत होते. मग ती कप-बशीच्या कामाची, सिमेंटच्या नाही. म्हणजे हवी असते ती अर्धवट भाजलेली माती: धड माती नाही, धड चिनी मातीचं भांडं नाही.

ही अस्वस्थ माती त्या रिकाम्या बसलेल्या चुन्याला भेटली की त्याला कामाला लावते. चुना आणि मेटाकेओलिन मिळून पुन्हा तोच चिवट गोळा तयार करतात, या वेळी ॲल्युमिनियमसकट. इथपर्यंत राखही हेच करते, जरा सावकाश. खरी गंमत पुढची. या मिश्रणात थोडी न भाजलेली चुनखडीही दळून घालतात. एरवी सिमेंटमध्ये ती नुसती भर असते. पण मातीतून आलेलं जास्तीचं ॲल्युमिनियम तिच्याशी संयोग पावतं आणि कार्बोॲल्युमिनेट नावाचे पत्र्यासारखे स्फटिक तयार होतात. ते बारीक छिद्रांत वाढतात आणि छिद्रं बुजतात. माती एकटी इतकं करत नाही, चुनखडी एकटी तर जवळजवळ काहीच करत नाही. दोघी एकत्र आल्या की प्रमाण असं जमतं: ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकर निम्मं, कार्बन डायऑक्साइड ३० ते ४० टक्के कमी, आणि ताकद जवळजवळ तीच. या सिमेंटला एलसी-३ म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्राध्यापक कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्याकडच्या दिल्ली व मद्रास आयआयटीतल्या मंडळींनी ते उभं केलं. भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये त्याचं मानकही काढलं, आयएस १८१८९.

माती शुद्ध असायची गरज नाही, केओलिनाइट ४० टक्क्यांच्या आसपास असलं तरी भागतं. सिंधुदुर्गातली चिनी माती भांडीवाल्यांना पांढरीशुभ्र हवी असते. लाल डाग पडलेली त्यांनी नाकारली तरी इथे चालते. भाचीनं पोतं उघडल्यावर पहिल्यांदा तेच मोजलं. नमुना हळूहळू तापवत वजन बघत जायचं. तीनशे अंशांच्या आसपास जे पाणी जातं ते लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडांचं, ते धरायचं नाही. चारशे ते सहाशेच्या दरम्यान जातं ते आपलं. १०० ग्रॅममधून तिथे ७ ग्रॅम गेले तर निम्मी माती केओलिनाइट. "पास झाली तुझी विहीर," एवढाच मेसेज मला आला.

आता सुई. जुलैत पुण्याला गेलो तेव्हा ती प्रयोगशाळेत घेऊन गेली. ४० मिलिमीटर उंचीच्या कड्यात राखाडी-गुलाबी लगदा भरलेला, वर उभ्या दांडीला एक बारीक सुई, दांडीसकट वजन ३०० ग्रॅम. दर काही मिनिटांनी ती सुई अलगद सोडायची. पहिल्यांदा तळाला टेकते. मग एका वेळी तळाच्या ५ मिलिमीटर वर अडते, ती गोठायची सुरुवात. ती अर्ध्या तासाच्या आत होता कामा नये, नाहीतर माल ओतायला वेळच मिळणार नाही. स्थापत्य शिकणारं प्रत्येक पोर या उपकरणाला "विकॅट" म्हणतं. विकॅट कोण हे मी तिथल्या चार मुलांना विचारलं. एकालाच माहीत होतं की तो माणूस आहे.

तो माणूस म्हणजे लुई विका, फ्रेंच अभियंता. १८१२ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याच्यावर दॉर्दोन्य नदीवरच्या सूयाकच्या पुलाचं काम आलं. पैसे नव्हते, काम रखडलं. काही चुने पाण्याखाली गोठतात आणि काही नुसते विरघळतात हे माहीत होतं, पण का, ते नीट कुणी दाखवलं नव्हतं. रिकाम्या वेळात यानं चुन्यात वेगवेगळ्या प्रमाणात माती मिसळून गोळे केले, भाजले, दळले आणि पाण्यात सोडले. गुण मातीचा होता. गोठलं की नाही हे ठरवायला त्यानं विणायची सुई घेतली, टोक घासून सपाट केलं आणि वर ३०० ग्रॅमचं वजन ठेवलं. तेच वजन आज पुण्यात. १८१८ मध्ये त्यानं सगळं छापून टाकलं, पेटंट घेतलं नाही. पूल १८२४ मध्ये पुरा झाला. आपल्याकडे अजून नवा पूल सुरू झाला की "पूल बळी मागतो, पोरांना सांभाळा" अशी कुजबुज उठते. सूयाकच्या पुलानं मागितली ती माती.

दुसरी कुजबुज मोबाइलवरची: किल्ल्यांचा चुना गूळ, बेलफळ आणि उडीद घातल्यामुळे टिकला, आणि ते हरवलेलं ज्ञान. या वस्तू जुन्या चुन्यात घालत हे खरं आहे, त्यानं चुना चिकट होतो, काम सोपं जातं. पण पाण्यात टिकण्याचा गुण येतो तो सुरखीतून, म्हणजे विटांच्या चुऱ्यातून. आणि तो चुरा खंगर विटांचा चांगला नव्हे, जरा कच्चट भाजलेल्या विटांचा. तीच अर्धवट भाजलेली माती! हरवलेलं काहीच नाही. हौस असेल तर आजच्या सिमेंटच्या घमेल्यात चमचाभर गूळ टाकून बघा, गोठायचं नाव घेणार नाही.

एलसी-३ चंही फार कौतुक नको. "हिरवं सिमेंट" अशी जाहिरात दिसली की मी आधी क्लिंकर किती ते बघतो. क्लिंकर निम्मं झालं तरी साठ-सत्तर टक्के कार्बन डायऑक्साइड अजून आहेच. भाजलेल्या मातीचे पापुद्रे पाणी फार पितात, त्यामुळे कालवलेला माल दाट होतो आणि गवंडी हमखास वरून पाणी ओततो. त्याऐवजी लगदा सैल करणारं रसायन घालावं लागतं. त्याहून गंभीर म्हणजे, चुना वापरला गेल्यामुळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून सळईचं राखण करणारा अल्कलीचा साठा कमी होतो. समुद्राचं मीठ हे काँक्रीट चांगलं अडवतं, कारण छिद्रं बारीक, आणि आम्हा किनाऱ्यावरच्यांना तेच हवं. पण हवेपुढे ते साध्या सिमेंटपेक्षा जरा दुबळं. म्हणून सळईवरचं आवरण पुरेसं हवं आणि पाणी मारण्यात चालढकल चालत नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या स्लॅबवर ठेकेदारानं तीन दिवस पाणी मारलं आणि चौथ्या दिवशी "आता वाळला" म्हणून पाइप गुंडाळला. वाळला! उरलेले दिवस मी बनियनवर बादल्या चढवल्या.

भाचीच्या मार्गदर्शकांना सात दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, पसंत पडले. अडलं ते रंगावर. मातीतल्या लोहामुळे ठोकळे गुलाबी आले, आणि तिथे आलेल्या एका बिल्डरनं हातात घेऊन विचारलं, "यात विटा घातल्यात का?" ताकदीचा आकडा त्यानं ऐकूनही घेतला नाही. गिऱ्हाइकाला सिमेंट राखाडीच लागतं. यावर उपाय आहे: भाजलेली माती थंड होताना हवा मिळू द्यायची नाही, उलट ऑक्सिजन ओढून घेणारं काहीतरी जवळ ठेवायचं, मग लाल हेमॅटाइटचं काळं मॅग्नेटाइट होतं. आता ती मुशीत कोळशाची भुकटी ठेवून झाकण लावून बघणार आहे. दुसरं पोतं मागितलंय. विहीर तुडुंब भरली आहे, त्यामुळे परवा शेजारच्या चिरेखाणीच्या तळातून माती काढली. ती जरा जास्तच लाल आहे, पण ती म्हणते, "चालेल, उलट बरंच."