सोपाऱ्याच्या आधी: महाराष्ट्राचा आद्य इतिहास

महाराष्ट्रात लिहिलेला, नक्की वाचता येणारा पुरावा सुरू होतो तो इ.स.पू. तिसऱ्या शतकात. सोपाऱ्याला (आजचे नालासोपारा) अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये. त्याआधी हजाराहून जास्त वर्षे इथे शेती होती, तांबे होते, चाकावर घडवलेली भांडी होती. अक्षर तेवढे नव्हते. दगडी हत्यारांचा काळ आणि लेखांचा काळ यांमधला हा टप्पा म्हणजे आद्य इतिहास. सिंधू संस्कृतीला लिपी असूनही ती याच टप्प्यात धरतात, कारण ती लिपी अजून उलगडलेली नाही.

या काळातले गाव शोधायचे तर आधी ‘पांढर’ बघावी. खेड्यात शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती वर्षानुवर्षे साचून तिचा रंग राखाडी होतो. हीच माती खत म्हणून शेतात नेतात, आणि गाडीगाडीने टेकाड संपते. दुसरी अडचण काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरच्या थरातला मणी किंवा खापराचा तुकडा त्या भेगेतून खालच्या थरात जातो. म्हणून एकट्यादुकट्या वस्तूवरून थराचा काळ ठरवू नये. शाबूत जमीन, चूल, धान्य साठवायचे बळद यांच्या आत जे मिळते त्यालाच वजन द्यावे.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्याच गावाचे नाव तांबे वापरणाऱ्या या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला मिळाले. जोर्वे खापर ओळखायला सोपे: लालसर-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, मधोमध कोन असलेले वाडगे, तोटीची भांडी. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणीत वाजते.

या संस्कृतीची सगळ्यांत भरघोस माहिती मिळाली ती शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या इनामगावला. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून दीड दशक काम केले, सव्वाशेहून जास्त घरे उघडी केली. सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा पाट तिथे मिळाला. मुख्य पीक जवाचे, म्हणजे रब्बीला पाणी हवेच. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचे कोठार होते. ते घर गावाच्या म्होरक्याचे असावे, हा अंदाज त्यावरूनच. लहान मुलांना घराच्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरत. मोठ्या माणसांचे डोके उत्तरेला आणि पाय घोट्याखाली तोडलेले. मृताने परत फिरू नये म्हणून, असा अर्थ लावतात. पण तो अर्थ आपला आहे, दिसतात ती फक्त हाडे.

इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि गुरे यांवरची भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. बहुतेक अभ्यासक पाऊस कमी झाल्याचे कारण देतात. ते पटण्यासारखे आहे, तरी पाट असलेले गाव नुसत्या पावसाअभावी उठले का, हे तपासत राहायला हवे.

तोवर विदर्भात लोखंड आले होते. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथली शिलावर्तुळे, म्हणजे दफनाभोवती मांडलेली दगडांची वर्तुळे, ते लोखंड वापरणाऱ्या लोकांची. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची विटांची भट्टी आणि गाळताना उरणारा मळ, म्हणजे कीटही मिळाले. इथे कालमापन मात्र अडते. जुन्या कोळशाचे वय त्यात उरलेल्या कार्बन-१४ वरून मोजतात, पण त्या मोजणीचे कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करणारी वक्ररेषा इ.स.पू. ८०० ते ४०० दरम्यान जवळजवळ सपाट आहे. त्या चार शतकांतला कोळसा कुठल्याही टोकाचा असला तरी उत्तर साधारण एकच येते. त्यामुळे ‘इ.स.पू. सातवे शतक’ असे लिहिलेले दिसले, की ते कशावरून ठरवले हे आधी विचारावे: कोळशावरून, की थर आणि खापरांच्या क्रमावरून.