वही तुमची, मशीन उसनं: नोटबुक आणि रनटाइममधला घोळ

रात्री गोव्यातल्या वाळपई आणि मुरगावच्या पावसाचा आलेख छान जमला होता. सकाळी कोलॅब (ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गूगलची सोय) उघडलं तर आलेख, आकडे सगळं जागच्या जागी. सरासरी तेवढी काढायची राहिली होती. सेल, म्हणजे कोडचा एक तुकडा, रन केला आणि तांबडी ओळ आली: नेमएरर, 'पाऊस' नावाचं काही सापडत नाही. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे आकडे ठेवायच्या डब्याला, देवनागरी नाव चालतं, मी हौसेनं देतो.) वर पानभर पाऊस दिसतोय आणि मशीन विचारतंय, कसला पाऊस?

एकाच खिडकीत दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, तिथं माणूस फसतो. नोटबुक म्हणजे फाईल: तुमचा कोड, मधली टिपणं आणि त्या त्या वेळी आलेल्या उत्तरांचे जणू फोटो. ती गूगल ड्राइव्हवर राहते. रनटाइम म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधलं तात्पुरतं मशीन. 'पाऊस' होता तो त्याच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत. फुकटच्या कोलॅबमध्ये ते फार तर १२ तास मिळतं, बराच वेळ हात लावला नाही तर आधीच काढून घेतात.

आपल्याकडचं जत्रेतलं नाटक आठवा. नक्कल, म्हणजे नाटकाची संहिता, घरी जपून ठेवलेली असते, भाड्याचा रंगमंच दुसऱ्या दिवशी सोडून नेलेला. नक्कल उघडली म्हणून पात्रं उभी राहत नाहीत. पहिल्या प्रवेशापासून प्रयोग लावावा लागतो.

डाव्या पॅनेलमध्ये अपलोड केलेली सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची) फाईलही रनटाइमच्याच डिस्कवर असते, त्याच्याबरोबर जाते. म्हणून ती ड्राइव्हवर ठेवून ड्राइव्ह माउंट करावा, म्हणजे रनटाइमला जोडावा. कोकॅल्क या तशाच दुसऱ्या सेवेत प्रोजेक्टमधल्या फायली टिकतात, पण प्रोजेक्ट थांबला की रॅम तिथंही रिकामी.

उलटी चूकही होते. जूनमध्ये वीज गेली, वायफाय बंद, की 'गेलं सगळं' म्हणून आम्ही कपाळावर हात मारतो. पण हिशेब करणारं मशीन आपल्या घरात नाहीच. थोड्या वेळात परत जोडलं तर पुष्कळदा तेच मशीन व्हेरिएबलांसकट मिळतं.

खरी गंमत मात्र दोन्ही जिवंत असताना होते. गोव्यात पाऊस इंचांत सांगतात, म्हणून एक सेल लिहिला: पाऊस = पाऊस * 25.4. १२० इंचांचे ३०४८ मिलिमीटर झाले. चहा पिऊन आलो आणि तोच सेल चुकून पुन्हा रन केला. आता ७७,४१९ मिलिमीटर, म्हणजे सत्याहत्तर मीटर पाऊस! नोटबुकमध्ये गुणाकार एकदाच लिहिलेला आहे, वाचणाऱ्याला चूक सापडणारच नाही. रनटाइमनं तो दोनदा केलाय. असा सेल लिहिताना उत्तराला नवं नाव द्यावं, 'पाऊस_मिमी' वगैरे. मग कितीदा रन करा, आकडा हलत नाही.

सेलच्या डावीकडे चौकटी कंसात एक आकडा येतो, तो सेल एकूण क्रमात कितवा चालला ते सांगतो. वरून खाली १, २, ३ असं न दिसता ७, ३, १२ दिसलं, तर ती फाईल कुणाला पाठवायच्या आधी मी सेशन रीस्टार्ट करून सगळे सेल पुन्हा चालवतो. दहातल्या दोन-तीन वेळा तरी मधेच कुठंतरी तांबडी ओळ येतेच.