इंदूरचा कचरा सुटला, नदी अडकली: यामागचा शंभर वर्षांचा इतिहास

इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं हे आता सगळ्या देशाला पाठ झालंय, पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की राजवाडा आणि सराफा नंतर, पहिला प्रश्न हाच की तुमच्याकडे हे जमलं कसं. आपल्यातले बहुतेक जण मग २०१६-१७ पासून गोष्ट सांगायला लागतात. पण पर्यावरण सांभाळून शहर कसं वाढवायचं हा विचार आपल्या इंदुरात होळकरांच्या काळापासून चाललाय, आणि तो मागचा भाग कळला नाही तर एक गोष्ट समजतच नाही, ती म्हणजे कचऱ्याचा प्रश्न सुटला पण शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीचा का सुटला नाही.

तर सुरुवात होळकर महाराज तुकोजीराव तिसरे यांच्यापासून. प्लेगनं शहर हैराण झालेलं, आणि दरबारानं पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश माणसाला बोलावलं, मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक, नगररचनेकडे वळलेला. त्यानं १९१८ मध्ये दरबाराला दोन भागांचा रिपोर्ट दिला. इंजिनिअर लोकांना मोठी खर्चिक गटार योजना पाहिजे होती, ह्याचं म्हणणं की आधी नदीकाठ आणि नाले साफ करा, काठावर बागा करा, सांडपाणी आणि मैला झाडांना द्या. जुन्या गल्ल्या सरसकट पाडायच्या नाहीत, जिथे अडतंय तेवढंच मोकळं करायचं, हाही त्याचाच आग्रह. आणि त्यानं दिवाळीची जी मिरवणूक काढली ती तर वाचूनच अंगावर काटा येतो, ज्या रस्त्यांवरचे लोक घरं आणि गल्ली सगळ्यात चांगली साफ करतील त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार असं जाहीर केलं, त्यामुळे अख्खं शहर साफसफाईला लागलं, आणि मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हारतुरे घालून, मानानं चालले. शंभर वर्षांपूर्वी! वॉर्डांमध्ये स्पर्धा लावून लोकांना कामाला लावायचं हे आपण इथे तेव्हाच करून बसलोय.

दुसरा धागा आजच्या कृषी महाविद्यालयाचा. तिथे तेव्हा इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती, आणि १९२४ पासून तिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड काम करत होते आणि १९३१ पर्यंत त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखतात. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात घालायचे, पाणी मारायचं, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करायची, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. ह्या कामाचं १९३१ चं जे पुस्तक आहे त्यावर हॉवर्डसोबत यशवंत वाड यांचं नाव आहे, आपल्या मराठी लोकांना हे फार कमी माहिती असतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पुढे १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा आणि मैला याच पद्धतीनं कसा जिरवायचा हेही लिहून ठेवलं. म्हणजे ओला कचरा वेगळा काढा आणि त्याचं खत करा हे ज्ञान कुठून बाहेरून आणायची गरजच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मात्र सगळं लक्ष पाणी आणि घरं यावर गेलं, ते साहजिकच होतं. कापड मिलांचं शहर, लोकसंख्या वाढत चाललेली, सिरपूर, बिलावली, यशवंत सागर हे तलाव पुरेनात, मग नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून १९७० चं नर्मदा आंदोलन आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वरून पंपानं उचललेलं नर्मदेचं पाणी शहरात आलं. पाणी आलं तेवढंच सांडपाणीही वाढलं, त्याची सोय मात्र त्या वेगानं झाली नाही, ते सरळ कान्ह आणि सरस्वती या शहरातल्या नद्यांत. मध्य प्रदेशचा नगर आणि ग्राम निवेश कायदा १९७३ चा, पहिला मास्टर प्लॅन १९९१ पर्यंतचा, त्याच दरम्यान इंदूर विकास प्राधिकरण आलं, कॉलन्या पडत गेल्या आणि नाल्याकाठची जमीन भरत गेली.

मग १९८९ च्या सुमारास एक फार वेगळा प्रयोग झाला. ब्रिटिश सरकारच्या पैशातून, हिमांशू पारीख या इंजिनिअरच्या कल्पनेवर, स्लम नेटवर्किंग. कल्पना अशी की झोपडपट्ट्या बहुतेक नाल्याकाठीच आहेत आणि पाण्याचा नैसर्गिक उतारही तिथूनच जातो, तर त्याच उतारानं मोठी ड्रेनेज लाइन टाका, वस्तीतल्या प्रत्येक घराला संडास आणि नळ द्या, रस्ते घरांपेक्षा खाली ठेवा म्हणजे पावसाचं पाणी घरात शिरणार नाही, आणि ह्या निमित्तानं अख्ख्या शहराची लाइन जोडली जाईल. गरिबांच्या वस्त्यांपासून शहराचं ड्रेनेज सुरू करायचं, केवढा मोठा विचार! १९९८ चा वास्तुकलेचा आगा खान पुरस्कारही मिळाला. पण पुढे काय झालं, लाइनी चोक झाल्या, खूप घरांनी कनेक्शन घेतलंच नाही, आणि योजना संपल्यावर रोज त्या लाइनींकडे कोण बघणार हे कुणाच्या कामात बसवलेलं नव्हतं. माझ्या मते आपल्या शहराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा इथे आहे.

त्यानंतरचे केंद्राचे नियम आणि योजना पटापट सांगते, २००० चे कचऱ्याचे नियम, २००५ ची शहरांच्या सोयीसुविधांसाठीची जेएनएनयूआरएम, २०१४ चं स्वच्छ भारत, २०१५ ची स्मार्ट सिटी आणि पाणी-ड्रेनेजसाठीची अमृत. जेएनएनयूआरएमच्या काळातला एबी रोडचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, २०१३ ला सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो काढायला हायकोर्टानं परवानगी दिली, बारा वर्षांत सार्वजनिक बसची स्वतंत्र लेन आली आणि गेली, याचं मला मनापासून दुःख आहे.

कचऱ्याचं मात्र जमलं. केंद्राच्या २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ ला पहिले. आधी दोनच वॉर्डांत घरोघरी गाडी लावून बघितली, मग सगळीकडे, मग रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलून टाकल्या. सकाळी गाडी आली की बघा, ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, डायपर-पॅडचा डबा वेगळा, आणि मिसळलेलं दिलं तर गाडीवरची माणसं तिथेच सांगतात की काकू हे वेगळं करून द्या. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे कचरा डेपोवरचा, सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ मध्ये चाळून काढला, आणि २०२२ पासून तिथेच रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो सीएनजी प्लांट चालतो, त्या गॅसवर सिटी बस धावतात. हे टिकलं कारण रोजची ड्यूटी ठरलेली आहे, कुठली गाडी, कुठली गल्ली, किती वाजता, कोण, आणि गाडी आली नाही तर त्याच दिवशी कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. स्लम नेटवर्किंगला नेमकं हेच मिळालं नाही.

पैशाच्या बाजूनंही एक चांगलं पाऊल पडलं, नर्मदेचं पाणी उचलायला जी वीज लागते तिचा खर्च नगर निगमला फार जड जातो, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांकडून ग्रीन बॉण्डनं, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीच्या कर्जरोख्यांनी, २४४ कोटी उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट करायला.

आता नदी. नदी-नाल्यात सांडपाणी सोडणारे हजारो लहान-मोठे आउटफॉल बंद करून ते कबीटखेडी आणि बाकीच्या एसटीपींकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटकडे, वळवलं, २०२१ मध्ये त्यासाठीचा वॉटर प्लस दर्जा मिळाला, सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, २०२५ च्या जानेवारीत उदयपूरसोबत वेटलँड सिटीचा, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या शहराचा, दर्जाही मिळाला. हे काम खरंच झालंय. तरी कान्हकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांजवळ उभं राहून बघा, भिंती, दिवे, पायऱ्या सगळं छान, आणि पाणी अजून पाय घालण्यासारखं नाही. हेच पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं, म्हणून २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थाला कान्ह वळवायला पाइपलाइन टाकली, आणि आता २०२८ च्या सिंहस्थासाठी परत बंद नळातून वळवायचं काम काढलंय. नदी शहरात साफ झाली असती तर तिला वळवायची वेळ आली नसती.

लाइन टाकली की नदी साफ होत नाही, काठाची जमीन मोकळी राहिली पाहिजे, आणि ती मास्टर प्लॅनमध्ये ठरते. आपला २०२१ पर्यंतचा प्लॅन २००८ च्या जानेवारीपासून लागू झाला होता, त्याची मुदत संपली आणि पुढचा वर्षानुवर्षं रखडला. नव्याचा मसुदा जाहीर होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, त्या वेळी आपल्या वॉर्डाचा नकाशा काढून नाल्याच्या दोन्ही बाजूंना कुठला रंग भरलाय, हिरवा की रहिवासी, तेवढं बघा आणि चुकीचा असेल तर लेखी द्या, आपल्या मराठी मंडळांनी तर एकत्र बसून द्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.