पार्श्वभूमी : एचआयव्ही, आतड्याचे संरक्षण आणि 'कारण न सापडलेले' जुलाब

एचआयव्हीवरील उपचार वेळेवर सुरू झालेल्या रुग्णाला महिनोन्‌महिने चालणारे ढाळ आता सहसा सोसावे लागत नाहीत. मोफत एआरटी (एचआयव्हीला रोखणारे औषधोपचार) येण्यापूर्वीच्या सांगली-मिरजेत मात्र या आजाराचे तेच रूप अनेक कुटुंबांच्या परिचयाचे होते. जत किंवा आटपाडीहून आणलेल्या रुग्णाला दिवसातून दहा-पंधरा वेळा पाण्यासारखे जुलाब होत, सलाईन लावले की दोन दिवस उभारी येई आणि गावी परतल्यावर पुन्हा तेच सुरू होई.

यामागच्या जंतूंपैकी क्रिप्टोस्पोरिडियम १९०७ मध्ये उंदराच्या जठरात आढळला होता. माणसातील पहिल्या नोंदी १९७६ च्या आहेत. निरोगी माणसाला त्याचा त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. हा परजीवी आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या अगदी कडेला घर करतो. तेथील सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या संरक्षक पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारे रसायन सोडून त्या अस्तराला प्रतिकार करायला लावतात. सीडी-४ पेशीच उरल्या नाहीत, तर हा इशारा देणारे कोणी राहत नाही. सिस्टोआयसोस्पोरा हा दुसरा परजीवी आणि १९८५ मध्ये एड्सच्या रुग्णात प्रथमच आढळलेली मायक्रोस्पोरिडिया या अतिसूक्ष्म परजीवींची एक जात यांनाही अशाच आतड्यात मोकळे रान मिळते.

आपल्याकडचा खरा गुंता एका शब्दाने केला. १९९० पासून वापरात आलेल्या, एचआयव्हीच्या आजाराचे चढत्या गांभीर्याने चार टप्पे पाडणाऱ्या जागतिक वर्गीकरणात महिन्याहून अधिक काळ चाललेले 'कारण न सापडलेले' जुलाब तिसऱ्या टप्प्यात मोडत, तर तेवढाच काळ टिकलेला आणि तपासणीत सिद्ध झालेला क्रिप्टोस्पोरिडियमचा संसर्ग चौथ्या टप्प्यात. एप्रिल २००४ मध्ये महाराष्ट्रासह जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत मोफत एआरटी सुरू झाली. पुढे ती सांगलीपर्यंत पोहोचली, तेव्हा या फरकाला व्यवहारात वजन आले. चौथ्या टप्प्यातील रुग्णाला सीडी-४ कितीही असले तरी औषध देता येई. तिसऱ्या टप्प्यातील रुग्णासाठी ३५० पर्यंतचा आकडा (रक्ताच्या एका घनमिलिमीटरमधील सीडी-४ पेशी) पाहिला जाई आणि लक्षणे नसलेल्यांसाठी २०० ही सीमा होती. म्हणजे एकाच माणसाचा टप्पा त्याच्या शौचाचा नमुना कोणी, कसा पाहिला यावर ठरत होता.

आणि तो नमुना नेहमीच्या सलाईन-आयोडीनच्या काचपट्टीवर पाहिला, तर चार ते सहा मायक्रॉनचा क्रिप्टोस्पोरिडियम यीस्टसारखा दिसतो व सुटून जातो. कार्बोल फुक्सिन चढवून, सौम्य आम्लाने धुऊन आणि वर मिथिलीन ब्ल्यू देऊन पाहिले, की निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात. सिस्टोआयसोस्पोरा लांबट आणि कितीतरी मोठा दिसतो. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीच्या टेबलावर कार्बोल फुक्सिनची बाटली होतीच. थुंकीसाठी २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल लागते, इथे एक टक्का पुरते. म्हणून 'कारण न सापडलेले' या शब्दाने अनेकदा 'कारण न शोधलेले' हे झाकले गेले, असे माझे ठाम मत आहे. याची किंमत फक्त टप्प्यापुरती नव्हती. सिस्टोआयसोस्पोरा कोट्रायमॉक्सॅझोलने बरा होतो. क्रिप्टोस्पोरिडियमला मात्र अशा रुग्णात भरवशाचे औषध नाही, तेथे एआरटीने प्रतिकारशक्ती परत आणणे हाच मुख्य उपाय ठरतो. हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तीन औषधांच्या उपचाराने असे जुलाब थांबल्याच्या अहवालांतून स्पष्ट झाले होते.

रक्तातील आकड्यावरचा भरवसा किती अपुरा होता, हेही त्याच सुमारास उघड होत होते. १९९८ मध्ये माकडांवर आणि २००४ मध्ये माणसांवर झालेल्या अभ्यासांत दिसले, की संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातील सीडी-४ पेशींचा मोठा संहार होतो, रक्तातला आकडा तेव्हा बरा असला तरीही. अस्तराची डागडुजी सांभाळणाऱ्या टीएच-१७ या प्रकारच्या सीडी-४ पेशीही त्यात जातात. २००६ मध्ये पुढचा दुवा मिळाला : खिळखिळ्या झालेल्या अस्तरातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा कायम चेतलेली राहून झिजत जाते. एआरटीनंतर रक्तातील पेशी वाढतात, आतड्यातल्या मात्र सावकाश आणि बहुधा अपुऱ्याच भरून येतात. तरी परजीवी हटवायला तेवढे बळ बऱ्याचदा पुरते.

२०१७ मध्ये आकडा न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण देशात आले आणि २०० की ३५० हा वाद मिटला. उशिरा निदान होणाऱ्यांसाठी आणि गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांसाठी मात्र जुनाच धोका शिल्लक आहे. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर गावोगावी पाण्यात टीसीएल पावडर (क्लोरीन असलेली जंतुनाशक पूड) टाकली गेली. ती पटकीला रोखते, पण क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचावर तेवढ्या क्लोरीनचा परिणाम होत नाही. सीडी-४ कमी असलेल्या माणसाला त्या दिवसांत पाणी खळखळून उकळूनच प्यावे लागते.